ऋतूबरोबर उतरणारं मन : गटवर्ग नेमका कसा घ्यावा?

उंबरठा (धागाकर्ता)

दिवस लहान व्हायला लागले, किंवा आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेलं राहिलं, की काही जणांचं मन दरवर्षी ठरल्यासारखं उतरतं. झोप वाढते, तरी सकाळी अंग शिशासारखं जड असतं. गोडाकडे आणि पिष्टमय खाण्याकडे ओढ लागते, वजन वाढतं, माणसं नकोशी होतात, वाजणारा फोन उचलवत नाही. उजेड परतला की हळूहळू सगळं पूर्वपदावर येतं. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली याचं नीट वर्णन करून त्याला वेगळं नाव दिलं: सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ऋतूबरोबर येणारं नैराश्य. थोड्या जणांना हे उलट उन्हाळ्यात होतं. तेव्हा झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते.

हा धागा त्यासाठीच्या गटवर्गांबद्दल आहे. 'वर्ग' हा शब्द मुद्दाम वापरतोय. आठ-दहा माणसं आठवड्यातून एकदा दीड तास भेटतात, असं सात आठवडे. कुणीही आपली कहाणी सांगायला बांधील नाही. एक कौशल्य शिकायचं, घरी करून बघायचं, पुढच्या वेळी काय झालं ते दोन वाक्यांत सांगायचं. मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये नैराश्यासाठी बसवलेला अभ्यासक्रम याच वळणाचा होता: आठ आठवड्यांत दोन-दोन तासांचे बारा वर्ग. 'उपचार' म्हटलं की मागे सरणारी माणसं 'अभ्यासक्रम' म्हटलं की येऊन बसतात, हा त्याचा मोठा फायदा.

माझं ठाम मत असं, की अशा वर्गाचा खरा जोर दोन भेटींमधल्या सहा दिवसांत असतो. दीड तास कितीही रंगला आणि घरी काहीच झालं नाही, तर माणूस तिथेच राहतो. म्हणून वेळेची वाटणीही तशीच हवी. ९० मिनिटांतली पहिली ५ स्थिरस्थावर व्हायला, २५ मागच्या गृहपाठाला, २५ नव्या भागाला, २० जोडीजोडीने सरावाला, आणि शेवटची १५ पुढच्या आठवड्यात कोण काय, कधी, कुठे करणार हे कागदावर उतरवायला. ही शेवटची पंधरा मिनिटं कुठल्याही परिस्थितीत कापायची नाहीत. नवं शिकवताना वेळ पुढे गेला तर शिकवणं अर्धवट सोडावं, पण ती पंधरा मिनिटं राखावीत.

सात आठवड्यांचा क्रम साधारण असा ठेवता येतो. पहिल्यांदा 'पाच घरं': परिस्थिती, विचार, भावना, शरीर, वागणं, आणि एकाचा दुसऱ्याला कसा धक्का लागतो ते. दुसऱ्यांदा रोजच्या कामांचं वेळापत्रक. तिसऱ्यांदा उजेड आणि झोप. चौथ्यांदा विचार तपासणं. पाचव्यांदा रोजच्या अडचणी पायरी-पायरीने सोडवणं. सहाव्यांदा माणसं, म्हणजे मदत मागणं आणि नाही म्हणणं. सातव्यांदा पुढच्या ऋतूची तयारी. मग दीड महिन्याने एक पुनर्भेट.

विचारांचा भाग चौथा का, असं बरेचदा विचारलं जातं. मन खोल गेलेलं असताना स्वतःचे विचार बाजूला काढून बघणं फार अवघड असतं. त्या मानाने उठून दहा मिनिटं चालणं सोपं. आधी थोडी हालचाल झाली, मन बोटभर वर आलं, की विचारांचा कागद पेलतो. क्रम उलटा केला तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच 'मला हेही जमत नाही' म्हणून माणसं गळतात.

आणि वेळ. ज्यांचं मन ज्या महिन्यात उतरतं, त्याच्या चार ते सहा आठवडे आधी वर्ग सुरू व्हायला हवा. ऐन काळोख्या दिवसांत घराबाहेर पडणं हीच मुख्य अडचण असते. तेव्हा पहिल्या वर्गाला बोलावणं म्हणजे पाय मोडल्यावर जिना चढायला सांगणं.

जाणकारांनी भर घालावी.

—

चौकट

उत्तम धागा. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गटात माणसं किती घ्यायची, आणि आधी निवड करायची की येईल त्याला घ्यायचं? वाचनालयाच्या खोलीत किंवा वसाहतीच्या सभागृहात चालणाऱ्या वर्गांना 'सर्वांसाठी खुला' अशी पाटी लावायचा मोह होतो.

—

पायवाट

>>> निवड करायची की येईल त्याला घ्यायचं?

पाटी खुली असू द्या, पण पहिल्या वर्गाआधी प्रत्येकाशी १५-२० मिनिटं एकट्याने बोलणं झालंच पाहिजे. त्यात तीन गोष्टी कळायला हव्यात.

एक, त्रास किती आहे. त्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी बरी पडते. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाच ते नऊ सौम्य, दहा ते चौदा मध्यम, पंधरा ते एकोणीस मध्यम-तीव्र, वीस आणि वर तीव्र. सौम्य आणि मध्यम लोकांना वर्गाचा चांगला उपयोग होतो. दहाच्या वर गेलेल्यांनी डॉक्टरांना भेटावं हे तिथेच सांगायचं. वर्ग आणि डॉक्टर दोन्ही चालू शकतं. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, हेही स्पष्ट सांगावं.

दोन, नववा प्रश्न. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा तो प्रश्न. तिथे शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, कागद बाजूला ठेवून सरळ विचारायचं: असे विचार कधी येतात, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आत्ता घरी सोबत कोण आहे. सरळ विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. बेत आणि साधन दोन्ही असेल तर त्या माणसाला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा आणीबाणीच्या सेवेकडे पोचवायचं. 'पुढच्या वर्गात बोलू' हे वाक्य इथे चालत नाही.

तीन, पूर्वी कधी आठवडाभर झोपेची गरजच वाटली नाही, डोक्यात विचारांचा पूर आला, पैसा उधळला असं झालंय का. असेल तर ते दुसऱ्या प्रकारचं दुखणं (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा द्विध्रुवी विकार) असू शकतं, आणि त्यात उजेडाचा उपाय उलटू शकतो. कवडसा यांनी त्यावर लिहावं.

माणसं किती? बारा नावं लिहून घ्या, आठ-नऊ शेवटपर्यंत टिकतील असं धरून चाला. सहाच्या खाली गेलं की एक-दोघांच्या गैरहजेरीत खोली ओस वाटते आणि आलेल्यांचंही अवसान जातं. बाराच्या वर गेलं की गृहपाठाच्या पंचवीस मिनिटांत प्रत्येकाला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

चालवणारे मात्र दोघे हवेत. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने खोलीकडे लक्ष ठेवायचं. कुणी रडत बाहेर गेलं तर दुसऱ्याने मागोमाग जायचं, वर्ग सुरू राहतो. एकटा माणूस असेल तर त्याला दारातला आणि खोलीतले अकरा जण यांतून निवडावं लागतं.

—

कवडसा

उजेडाच्या आठवड्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे 'सकाळी उन्हात बसा' एवढं सांगून विषय गुंडाळला जातो.

आधी आकडे. रात्री दिवे लावलेल्या घरात डोळ्यांपर्यंत साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) पोचतात. कार्यालयात ३०० ते ५००. ढगाळ दिवशी दुपारी नुसतं बाहेर उभं राहिलं तरी काही हजार, आणि भर उन्हात एक लाखापर्यंत. डोळा अंधार-उजेडाशी इतका पटकन जुळवून घेतो की हा शेकडो पटींचा फरक जाणवतच नाही. म्हणून वर्गात फोनवरचं लक्स मोजणारं ॲप उघडायला सांगावं. ते फार अचूक नसतं, पण खोलीच्या मध्यावर, खिडकीजवळ आणि दाराबाहेर असे तीन आकडे प्रत्येकाने स्वतः वाचले की वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

प्रकाशपेटी म्हणजे समोर ठेवून बसायचा प्रखर दिव्याचा खोका. तिचं माप: १०,००० लक्स, सकाळी उठल्यावर तासाभरात, ३० मिनिटं. २,५०० लक्सची असेल तर तेवढ्याच परिणामाला सुमारे दोन तास बसावं लागतं. डोळे उघडे हवेत, पण पेटीकडे टक लावायची नाही. ती जरा वर आणि बाजूला ठेवून समोर वाचन किंवा लिखाण करायचं. अतिनील किरण गाळणारी हवी. गुण यायचा तर एक-दोन आठवड्यांत दिसायला लागतो.

हमखास चुकतं ते अंतर. खोक्यावर १०,००० लिहिलेलं असतं ते ठरावीक अंतरावरचं, बऱ्याच पेट्यांचं ३० ते ६० सेंटिमीटरवरचं. माणूस पेटी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवतो आणि महिनाभराने म्हणतो, 'फरक नाही.' अंतर दुप्पट झालं की उजेड जवळजवळ चौथाईवर येतो. पेटीचं तोंड रुंद असेल तर घट जरा कमी, तरी भरपूर. वर्गात एक पेटी ठेवून दोरीला ३०, ६० आणि १०० सेंटिमीटरवर गाठी मारा, आणि प्रत्येक गाठीपाशी फोन धरून आकडा वाचायला सांगा. पाच मिनिटांचा प्रयोग आहे, पण तो बघितलेला माणूस घरी पेटी टेबलाच्या पलीकडे ठेवत नाही.

दुसरी चूक वेळेची. संध्याकाळी उशिरा पेटी लावली तर झोप पुढे ढकलली जाते आणि सकाळ आणखी जड होते.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी लावू नये: डोळ्यांच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी, मधुमेहामुळे पडद्यावर परिणाम झालेल्यांनी, उजेडाला त्वचा किंवा डोळे संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्यांनी, आणि पायवाट यांनी म्हटलं तसा उन्मादाचा इतिहास असलेल्यांनी. सुरुवातीला डोकं दुखणं, डोळ्यांवर ताण, मळमळ, चिडचिड होऊ शकते. तेव्हा वेळ १५ मिनिटांवर आणून मग वाढवायची.

पेटी नसेल तर? उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर चालणं, ढग असले तरी. बाहेर पडण्याआधीच उजाडलेलं असेल तर हा उपाय चांगला. उठण्याच्या वेळी बाहेर मिट्ट अंधार असेल, तर मात्र चालणं दुपारच्या सुट्टीत आणि सकाळी पेटी, अशी जोड लागते.

झोपेबद्दल एकच: उठण्याची वेळ रोज एक, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. झोपण्याची वेळ माणसाच्या हातात नसते, उठण्याची बरीचशी असते.

—

तळटीप

कवडसा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. एक भर, आणि थोडा मतभेदही.

पेटी चांगलीच, पण वर्गाचं केंद्र पेटी होऊ नये. व्हर्माँट विद्यापीठातल्या केली रोहन यांनी १७७ जणांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला सहा आठवडे रोज प्रकाशपेटी. दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा दीड तासाचे गटवर्ग, एकूण बारा. सहा आठवड्यांच्या शेवटी दोघांनाही साधारण सारखाच गुण आला. फरक पुढे दिसला. दुसऱ्या हिवाळ्यात नैराश्य पुन्हा आलेल्यांचं प्रमाण पेटीवाल्या गटात ४५.६ टक्के होतं, वर्गवाल्या गटात २७.३ टक्के.

याचं कारण समजायला सोपं आहे. पेटी दरवर्षी, रोज, न चुकता लावली तरच काम करते. वर्गात शिकलेली गोष्ट माणसाबरोबर राहते. म्हणून उजेडाला एक आठवडा पुरे. आणि ज्यांना दरवर्षी खूपच खोल उतरायला होतं त्यांनी डॉक्टरांशी औषधाबद्दल बोलावं. ब्युप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाच्या, हळूहळू विरघळणाऱ्या लांब पल्ल्याच्या गोळीला अमेरिकेत २००६ साली ऋतूआधी सुरू करून नैराश्य टाळण्यासाठी मान्यता मिळालेली आहे. वर्ग घेणाऱ्याने त्यावर सल्ला द्यायचा नाही, फक्त असा पर्याय आहे एवढं सांगायचं.

—

कवडसा

मान्य. पेटीला मुख्य जागा नको. माझा आग्रह एवढाच, की सांगायची तर अंतरासकट सांगा.

—

मंदवारा

गृहपाठावर लिहिते. बहुतेक वर्ग इथेच फसतात, आणि फसण्याचं कारण एकच असतं: काम फार मोठं दिलेलं असतं.

दुसऱ्या आठवड्याचा कागद असा. आडवे सात दिवस, उभे सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र असे चार खण. पहिले तीन दिवस फक्त नोंद: जे केलं ते लिहायचं, 'पडून राहिलो' हेही लिहायचं. शेजारी दोन आकडे, ० ते १०: किती बरं वाटलं, आणि काहीतरी जमलं असं किती वाटलं. हे दोन वेगळे असतात, आणि ते वेगळे ठेवणं महत्त्वाचं आहे. भांडी घासून बरं वाटण्याला १ मिळतो, जमल्याला ६. मित्राशी गप्पांना उलट. ज्याचे दोन्ही आकडे दिवसभर दोनच्या खाली आहेत त्याचा दिवस कोणत्या खणात रिकामा आहे, ते कागदच दाखवतो.

चौथ्या दिवसापासून एक काम ठरवून करायचं, फक्त एक. इथे वर्गातल्या सरावाच्या जोडीदाराचं काम सुरू होतं. समजा कुणी लिहिलं, 'घर आवरणार'. जोडीदाराने विचारायचं: कुठली खोली? कुठला कोपरा? किती वेळ? कधी? तीन-चार प्रश्नांत 'घर आवरणार'चं 'गुरुवारी संध्याकाळी घरात शिरल्यावर, चपला काढायच्या आत, दाराजवळचे कागद एका पिशवीत भरणार, पाच मिनिटं' असं होतं. शेवटचा प्रश्न: हे होईल याची खात्री दहापैकी किती? सातपेक्षा कमी सांगितलं तर काम निम्मं करायचं आणि पुन्हा विचारायचं. दोनदा निम्मं करावं लागलं तरी हरकत नाही.

'अमुक झालं की तमुक करीन' असं वाक्य बांधण्यामागे अभ्यास आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी त्यावर बरंच काम केलंय. नुसतं 'जास्त चालेन' हे हवेत राहतं. 'दात घासून झाले की बूट घालीन' याला बाहेरची खूण मिळते आणि ठरवण्याचे कष्ट वाचतात. उतरलेल्या मनाला ठरवणंच तर सर्वांत महाग पडतं.

आणखी एक रकाना जरूर ठेवा: करण्याआधी 'किती बरं वाटेल' याचा अंदाज, आणि केल्यावर प्रत्यक्ष आकडा. अंदाज १, प्रत्यक्ष ४, असं दोन-तीनदा दिसलं की माणसाला कळतं, आपलं मन आत्ता भाकीत चुकीचं करतंय. हे शिकवणाऱ्याने सांगून पटत नाही, त्याच्याच हस्ताक्षरात दिसावं लागतं.

—

चौकट

मंदवारा, छान. पण प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या लोकांनी कागद आणलेलाच नसतो. तेव्हा काय करायचं? आणि ज्यांनी केलाय त्यांचं कौतुक केलं की न केलेले आणखी खाली मान घालतात.

—

उंबरठा

>>> अर्ध्या लोकांनी कागद आणलेलाच नसतो

प्रश्न बदला. 'कुणी केलं?' असं विचारू नका. 'ठरवलं आणि प्रत्यक्षात काय झालं, यांच्यामध्ये काय आलं?' असं विचारा, आणि सगळ्यांना विचारा. मग न झालेला गृहपाठही माहिती देतो. तीनच कारणं सापडतात: काम मोठं होतं, खूण ठरली नव्हती, किंवा करून काही उपयोग नाही असं वाटलं. पहिल्याला काम निम्मं, दुसऱ्याला 'अमुक झालं की', तिसऱ्याला अंदाजाचा रकाना. फळ्यावर हे तीन रकाने आखून ठेवा आणि प्रत्येकाचं उत्तर त्यांत टाका. लाज वाटायला जागा उरत नाही, कारण बोलणं माणसाबद्दल नसून कारणाबद्दल असतं.

कागद विसरलेल्यांसाठी कोरे कागद आणि पेन्सिली खोलीत हव्यातच. काल आणि आज एवढे दोन दिवस तिथेच आठवून भरायचे.

गृहपाठ तपासायचा मात्र दर वेळी. एकदा वेळ नाही म्हणून पुढे गेलात, तर पुढच्या आठवड्यात निम्मे लोक करणार नाहीत, आणि त्यांची चूक नसेल.

—

पायवाट

गटात आणखी एक गोष्ट हमखास होते, तिचं नाव कुणी घेतलं नाही: एकत्र उगाळणं. एक जण म्हणतो, 'सकाळी उठवतच नाही.' दुसरा, 'मला तर दुपारपर्यंत.' तिसरा त्याच्या वरचं. दहा मिनिटांत खोली जड होते. वरवर बघता मोकळेपणा वाटतो, म्हणून नवखे चालवणारे तो थांबवत नाहीत. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी उगाळण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातून दिसलेली गोष्ट हीच, की दुःखाच्या कारणांभोवती फिरत राहिल्याने दुःखाचा मुक्काम लांबतो.

उपाय तोडून टाकण्यात नाही. वाक्याचं तोंड वळवायचं: 'का' ऐवजी 'कसं'. 'मला उठवत का नाही?' याला तळ नाही. 'मंगळवारी त्यातल्या त्यात लवकर उठलात ना, आदल्या रात्री काय वेगळं होतं?' याला उत्तर आहे. ज्याचं बोलणं चालू आहे त्याचं एक वाक्य आधी जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे ऐकलं गेलं हे त्याला कळतं. मग 'कसं'चा प्रश्न.

तसंच सल्ल्यांचं. 'तुम्ही असं करून बघा ना' हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण ऐकणाऱ्याला 'एवढंही तुला सुचलं नाही' असं पोचतं. पहिल्याच दिवशी नियम ठेवावा: विचारल्याशिवाय सल्ला नाही. इतर नियम थोडेच. इथलं इथेच राहील (जिवाला धोका असेल तर अपवाद, हे तेव्हाच सांगायचं). बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणायचं, कारण द्यावं लागणार नाही. यायला जमणार नसेल तर निरोप द्यायचा. न कळवता एक वर्ग चुकला तर दोन दिवसांच्या आत चालवणाऱ्याने फोन करावा. दोन वर्ग चुकलेला माणूस स्वतःहून परतणं फार दुर्मीळ.

—

तळटीप

विचारांच्या आठवड्याबद्दल थोडक्यात.

कागदावर पाच रकाने: काय घडलं, मनात आलेलं वाक्य, त्यावर विश्वास किती टक्के, बाजूने आणि विरुद्ध पुरावा, तोलून पाहिलेलं वाक्य आणि त्यावर विश्वास किती टक्के. शेवटचं वाक्य 'छान' असायची गरज नाही, खरं असायला हवं. इथेच मोठी चूक होते. 'सगळे मला टाळतात' याच्या जागी 'सगळ्यांना मी आवडतो' लिहायला लावलं तर माणूस त्यावर ५ टक्केही विश्वास ठेवत नाही आणि कागदावरचाच विश्वास उडतो. 'दोघांनी दोन दिवसांत उत्तर दिलं नाही. एकाने मागच्या आठवड्यात स्वतःहून फोन केला होता. बाकीच्यांना मी विचारलेलंच नाही', याच्यावर ७० टक्के बसतो. ते पुरतं.

मनातलं वाक्य पकडताना प्रश्नचिन्ह आलं की थांबवा. 'मी असा का?' याला पुरावा शोधता येत नाही. आधी त्याचं विधान करून घ्या: 'मी आळशी आहे.' मग तपासता येतं.

ऋतूपुरती एक खास गोष्ट. 'आता चार महिने असंच जाणार' हा विचार दिवस लहान व्हायला लागले की येतोच, आणि पहिल्या आठवड्यातच माणूस हत्यारं खाली ठेवतो. ऋतू येणार हे खरं, त्याला विरोध करू नका. 'असंच' एवढाच शब्द तपासायला घ्यायचा: गेल्या खेपेला चारही महिने प्रत्येक दिवस सारखा होता का? कागद भरलेले असतील तर उत्तर तिथेच असतं.

—

मंदवारा

रोजच्या अडचणींचा पाचवा आठवडा पुष्कळ ठिकाणी गाळतात, आणि त्याचं वाईट वाटतं. मन उतरलेलं असताना साचत जाणाऱ्या गोष्टीच पुढे मनाला आणखी खाली खेचतात. न उघडलेली पत्रं, थकलेली बिलं, द्यायचं राहिलेलं उत्तर.

पायऱ्या सात. अडचण एका वाक्यात, मोजता येईल अशी लिहायची. 'पैशांची बोंब' नको, 'टेबलावर अकरा बंद पाकिटं आहेत' हवं. मग सुचतील ते सगळे मार्ग, वेडेवाकडेसुद्धा, निदान सहा. प्रत्येकाचे फायदे-तोटे. एक निवडायचा. त्याचे तुकडे. करायचं. काय झालं ते बघायचं.

इथे बोलण्याआधी प्रत्येकाने दोन मिनिटं गप्प बसून स्वतःचे मार्ग लिहायचे. सरळ चर्चेला सुरुवात केली की पहिला बोलणारा जे म्हणेल त्याच्याच आजूबाजूला सगळे फिरतात. अकरा पाकिटांचं उत्तर बहुतेक वेळा शेवटी असं निघतं: शनिवारी सकाळी, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना, सगळी फक्त उघडायची आणि तीन ढिगांत ठेवायची, त्या दिवशी एकालाही उत्तर द्यायचं नाही. उघडणं आणि निस्तरणं वेगळं केलं की हात पुढे होतो.

—

चौकट

ऑनलाइन घ्यायचा असेल तर काय बदलावं?

—

पायवाट

माणसं आठच्या वर नकोत. ९० ऐवजी ७५ मिनिटं, मध्ये पाच मिनिटं उठून उभं राहणं. जोडीच्या सरावासाठी वेगळ्या खोल्या आधी करून ठेवायच्या. कागद आठवडाभर आधी पोचलेले हवेत आणि हातानेच भरायचे. कॅमेऱ्याची सक्ती करू नये, पण आवाज बंद करून कोपऱ्यात गेलेल्या माणसाकडे दुसऱ्या चालवणाऱ्याने खासगी संदेशातून लक्ष ठेवावं. आणि प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला 'आज तुम्ही कुठून बसला आहात' हे लिहून घ्यावं, आणीबाणीची वेळ आली तर मदत कुठे पाठवायची हे माहीत असायला हवं. समोरच्या खोलीत हा प्रश्न येत नाही, म्हणून ऑनलाइनमध्ये हमखास विसरला जातो.

—

उंबरठा

शेवटच्या वर्गाचं राहिलं होतं, ते लिहितो.

सातव्या वर्गात नवं काही शिकवू नये. प्रत्येकाने एक कार्ड लिहायचं, तळहातावर मावेल एवढं. पुढच्या बाजूला आपल्या स्वतःच्या पहिल्या तीन खुणा. 'उदास वाटणं' ही उशिराची खूण आहे. त्याआधीच्या हव्यात: गजर तीनदा पुढे ढकलणं, संदेश वाचून उत्तर न देणं, आंघोळ दुपारवर जाणं. घरातल्या माणसाला विचारलं तर त्याला ह्या आपल्याआधी दिसलेल्या असतात, म्हणून सहाव्या वर्गाचा गृहपाठच तो ठेवावा: 'माझं बिघडायला लागलं की तुला आधी काय दिसतं?'

मागच्या बाजूला, खूण दिसली की त्याच दिवशी करायच्या तीन गोष्टी, प्रत्येक दहा मिनिटांच्या आतली, आणि एका माणसाचं नाव. त्या माणसाला विचारून, वर्ग संपायच्या आत. सर्वांत खाली डॉक्टरांचा आणि आणीबाणीचा क्रमांक.

मग फोन काढून पुढच्या वर्षीची एक तारीख टाकायची, आपल्या नेहमीच्या उतरणीच्या सहा आठवडे आधीची, आणि तिच्यापुढे फक्त 'कार्ड काढ' एवढंच लिहायचं. कार्ड कुठे ठेवलंय तेही त्याच नोंदीत लिहून ठेवायला सांगा, कारण वर्षभरात ते हमखास विसरलेलं असतं.